खळग्यांची खतावणी

मुंबईत दादरच्या घरी १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाचा उद्योग मांडला, तेव्हा त्यातले एक काम अंधाऱ्या खोलीत बसूनच करावे लागे. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना भोके नसत. ती पाडण्याचे यंत्र दादासाहेबांनी लंडनहून कॅमेऱ्याबरोबरच आणले होते, आणि ते चालवण्याचे काम सरस्वतीबाईंकडे असे. उजेड लागला की फिल्म वाया जायची. म्हणून सारा कारभार हाताच्या अंदाजाने. एका चित्राला एका कडेची चार भोके, एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे फुटामागे एका कडेला चौसष्ट भोके.

पडद्यावर ही भोके कोणालाच दिसत नाहीत. तरी यंत्राच्या दृष्टीने चित्रपट म्हणजे प्रथम ती भोके. एक चित्र कोठे संपले, दुसरे कोठे सुरू झाले, हे यंत्राला कळते ते त्यांच्यावरून. ती सरकली की राजा हरिश्चंद्राचे मस्तक पडद्याच्या तळाशी आणि पाय माथ्याशी! तेव्हा चित्र किंवा आवाज साठवणे हे एक काम झाले, आणि साठवलेल्याचा ठावठिकाणा यंत्राला सांगणे हे दुसरे. पहिल्या कामाचे कौतुक पुष्कळ होते. दुसऱ्याची दखल कोणी फारशी घेत नाही. कॉम्पॅक्ट डिस्क, व्हिडिओ सीडी आणि डीव्हीडी या प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या चकत्यांचा इतिहास हा बव्हंशी या दुसऱ्या कामाचा इतिहास आहे, आणि आज त्याच बाजूने तो आपल्यापुढे मांडायचा आहे.

त्यासाठी मापे घेऊ ती नाशिकचीच. एक माप चित्राचे: फाळके यांचे. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत दाखवून झाल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. दुसरे माप आवाजाचे: दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचे. ते १९२१ साली नाशिकला जन्मले. त्यांचे वडील विष्णू दिगंबर यांचा रामनाम आधार आश्रम याच गावातला. बापूराव पलुस्करांना आयुष्य लाभले अवघे चौतीस वर्षांचे. १९५५ च्या ऑक्टोबरात ते गेले. त्यामुळे त्यांच्या गाण्याचे जे काही आपल्यापाशी आहे ते ध्वनिमुद्रणातूनच आहे, आणि ते कशावर, किती आणि कोणत्या क्रमाने साठवले गेले या प्रश्नाला त्यामुळेच वजन येते.

त्यांची पहिली तबकडी निघाली १९४४ साली. ती लाखेची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी. तीत एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. बर्लिनरने १८८७ साली अमेरिकेत ग्रामोफोनचे पेटंट घेतले तेव्हापासून या जातीची तबकडी मूळ कल्पनेत बदललीच नव्हती. आवाजाची थरथर म्हणजे खाचेचे नागमोडी वळण. सुई त्या वळणावरून गेली की तीच थरथर पुन्हा. यात हिशेब नाही, आकडा नाही, पत्ता नाही. गाण्याचा अंतरा ऐकायचा असेल तर डोळ्यांनी अंदाज घेऊन सुई टेकवायची. तबकडीवर काय आहे हे सांगणारा कागद मधोमध चिकटवलेला. तो निघाला की तबकडी निनावी.

या निनावीपणाची भीती अगदी आरंभापासून होती. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत पुकारीत. पुष्कळांना तो थाट वाटतो. थाट होताच, पण त्याला एक व्यावहारिक कारणही सांगतात. मूळ साचे जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जात. तेथल्या कारागिराला कोणत्या साच्यावर कोण गाते आहे हे कळावे कसे? तर आवाजातच नावाची चिठ्ठी घालून. ही चिठ्ठी नीट लक्षात ठेवा. ऐंशी वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे, अर्थात ऐकू न येणाऱ्या रूपात.

१९४८ साली दीर्घवादन तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे झाली. गवयांना हातपाय पसरायला जागा मिळाली. पण मांडणी तीच, खाच आणि सुई.

मांडणी बदलली ती प्रकाशाने, आणि गंमत अशी की प्रथम आवाजासाठी नव्हे, चित्रासाठी. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९७२ साली एका चकतीवरून लेसर किरणाने चलच्चित्र वाचून दाखवले. १९७८ साली अमेरिकेत ती लेसरडिस्क विक्रीला आली. बारा इंची, ताटाएवढी. तिच्या एका प्रकारात चकतीचा एक फेरा म्हणजे बरोबर एक चित्र, आणि एका बाजूस चोपन्न हजार चित्रे. हवे ते चित्र नंबराने मागवा, पडद्यावर स्थिर उभे राहील. फाळके यांच्या फिल्मची चार भोके जे करीत तेच येथे चकतीचा फेरा करी. मात्र खळगे होते तरी आकडे नव्हते. चित्राची लहर त्या खळग्यांच्या लांबी-अंतरातच उमटवलेली असे. आपल्याकडे ही चकती घरोघरी कधी पोचली नाही.

यानंतर फिलिप्स आणि जपानची सोनी यांनी मिळून जे ठरवले ते १९८० साली एका नियमग्रंथात नोंदले गेले. त्याच्या वेष्टनाच्या रंगावरून त्याला लाल पुस्तक म्हणतात. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात पहिल्या कॉम्पॅक्ट डिस्क विकल्या गेल्या. रुंदी बारा सेंटिमीटर, जाडी सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी, गाणे चौऱ्याहत्तर मिनिटे. बीथोव्हेनची नववी सिंफनी एका चकतीवर मावावी म्हणून चौऱ्याहत्तर मिनिटे ठरली, अशी एक आख्यायिका सांगतात. त्या कामावर असलेल्या अभियंत्यांपैकीच एकाने तिच्याविषयी शंका घेतली आहे, आणि मलाही ती फार गोड असल्यामुळेच संशयास्पद वाटते.

त्याहून खरी आणि चमत्कारिक गोष्ट दुसरी आहे. सीडीत आवाज आकड्यांत मोजतात, सेकंदाला ४४,१०० वेळा. हा असला आडवळणी आकडा आला कोठून? सरळ पन्नास हजार का नाही? तर त्या काळी आकडी आवाज साठवायला सोयीचे साधन होते ते चित्राच्या टेपचे. टेलिव्हिजनच्या चित्रातील एकेका आडव्या रेघेवर आवाजाचे तीन तीन आकडे बसवीत. वापरात येणाऱ्या रेघा २४५, सेकंदाला साठ वेळा: दोनशे पंचेचाळीस गुणिले साठ गुणिले तीन, बरोबर ४४,१००. युरोपच्या पद्धतीत रेघा २९४ आणि पन्नास वेळा. गुणाकार करून पाहा, पुन्हा तेच उत्तर. आज कोणतीही सीडी लावा, त्या गाण्याच्या नाडीत चित्राच्या यंत्राचे ठोके आहेत.

आता चकतीच्या आत जाऊ. डाव्या कानाचा एक आकडा, उजव्या कानाचा एक आकडा, प्रत्येक सोळा शून्य-एकांचा. सेकंदाला असे चौदा लाख अकरा हजार दोनशे शून्य-एक होतात. ते चकतीवर खळग्यांच्या रूपाने उमटतात. खळग्याची कड म्हणजे एक. तळ असो वा सपाटी, दोन कडांमधले सारे शून्य. या खळग्यांची आणि सपाटीची लांबी ठराविक नऊ प्रकारांचीच असते, सर्वांत लहान एका मायक्रोमीटरहून कमी, सर्वांत मोठी सुमारे तीन मायक्रोमीटर. नऊ अक्षरांची लिपी म्हणा ना! खळग्यांची ओळ एकच, मध्यापासून कडेकडे गुंडाळत जाणारी. उलगडली तर पाच किलोमीटरांहून लांब. तिचे वेढे इतके दाट की माणसाच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक बसावेत.

ग्रामोफोनची सुई बाहेरून आत येई आणि तबकडीचा वेग कायम असे. त्यामुळे बाहेरच्या वेढ्यात आवाजाला जागा सैल, आतल्यात आखूड. तबकडीच्या शेवटी तान घेणाऱ्या गवयावर अन्यायच. सीडी आतून बाहेर जाते, आणि किरणाखालून ओळ सारख्याच गतीने सरकावी म्हणून चकती आपला वेग बदलीत राहते, आरंभी मिनिटाला पाचशे फेरे, शेवटी दोनशे. सर्वांना सारखी जागा.

पण चौदा लाख शून्य-एक ओळीने खोदले म्हणजे झाले असे नाही. इथून पुढे खरी मांडणी सुरू होते.

आठ शून्य-एकांचा एक गट, त्याला बाइट म्हणतात. चकतीवर आठाचा गट तसाच लिहीत नाहीत. त्याच्या जागी एका ठरलेल्या कोष्टकातून चौदांचा गट घेतात आणि दोन गटांच्या मध्ये तीनांचा सांधा घालतात. हा उपद्व्याप कशासाठी? लागोपाठ फार कडा आल्या तर किरणाला त्या वेगळ्या दिसत नाहीत. आणि फार वेळ कड आलीच नाही तर यंत्राची लय सुटते. तबलजीने ठेका बराच वेळ सोडून दिला म्हणजे नवशिक्या गवयाचे जे होते तेच. कोष्टकातले चौदांचे गट असे निवडलेले आहेत की कडा गर्दीही करीत नाहीत आणि बेपत्ताही होत नाहीत.

असे गट चौकटीत बसवतात. एका चौकटीत गाण्याचे चोवीस बाइट, तपासणीचे आठ, आणि एक बाइट निव्वळ माहितीचा. आरंभी 'चौकट सुरू' अशी खूण. सारे मिळून एका चौकटीत ५८८ खुणा होतात, आणि त्यांत मूळ गाणे आहे १९२ चे. म्हणजे तीन हिश्शांतला एकच हिस्सा गाण्याचा! बाकी दोन हिस्से सांभाळ, पडताळा आणि पत्ता. आपल्याला वाटते आपण गाण्याची चकती विकत आणली. प्रत्यक्षात आपण जमाखर्चाची वही आणलेली असते, आणि तिच्यात गाणे नोंदलेले असते.

वहीचाच दृष्टांत पुढे नेऊ, कारण पडताळ्याची युक्ती जुन्या मुनीमजींना नवी नाही. वहीत एका ओळीत सात, चार, नऊ, पाच असे आकडे आणि शेवटी बेरीज पंचवीस. नवावर तेलाचा डाग पडला तरी बिघडत नाही. बेरीज आणि उरलेले आकडे यांवरून नऊ परत मिळतो. पण डाग पसरून दोन आकडे गेले तर? बेरीज लंगडी पडते. आणि डाग तर पसरतोच. चकतीवर ओरखडा पडतो तो एका खळग्यावर नव्हे, शेकडोंवर. म्हणून एक शहाणा मुनीम काय करील? आडव्या ओळीत बेरजा मांडील, पण वहीत उतरवताना आकडे उभ्या रांगांनी उतरवील. आता डागाखाली लागोपाठ चार आकडे गेले तरी ते चार वेगळ्या ओळींचे असतील. प्रत्येक ओळीचा एकच आकडा बुडाला, आणि प्रत्येक ओळीची बेरीज शाबूत आहे.

सीडीत हेच होते, फक्त बेरजेच्या जागी अधिक बळकट गणित आहे. अमेरिकेत रीड आणि सॉलोमन या दोघांनी ते १९६० साली प्रसिद्ध केले, तेव्हा घरगुती गाण्याशी त्याचा कसलाही संबंध नव्हता. एका चौकटीचे बाइट चकतीवर शंभराहून अधिक चौकटींत, सुमारे पावणेदोन-दोन सेंटिमीटर लांबीवर विखुरले जातात. त्यामुळे ओळीच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतचा डाग पूर्णपणे भरून निघतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सीडी पुसायची ती मध्यापासून कडेकडे, गोल गोल नव्हे, असे सांगतात त्याचे कारण हेच. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकदाच छेदतो. गोल ओरखडा ओळीबरोबर चालत जातो आणि विखुरलेले सगळेच गाठतो.

नाशिक-त्र्यंबकच्या श्रोत्यांना येथे घनपाठाची आठवण झाली असेल. संहितेतील पदे सरळ म्हणून न थांबता एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी उलटसुलट गुंफून म्हणायची, म्हणजे एखादे पद गळले किंवा जागा सोडून गेले तर लगेच खटकते. हेतू एकच आहे, मूळ ऐवज न बिघडता पुढे जावा. पण एवढ्यावरून सीडी आपल्याकडे आधीच होती असे म्हणण्याची घाई कोणी करू नये. घनपाठात पदांची पुनरुक्ती आहे, सीडीत पुनरुक्ती नाही, समीकरणे आहेत. आणि घनपाठ तपासायला घनपाठी लागतो, तो दहा-बारा वर्षांनी तयार होतो.

आता त्या एका माहितीच्या बाइटाकडे येऊ. अठ्ठ्याण्णव चौकटींचा एक खण होतो, आणि सेकंदात असे पंचाहत्तर खण वाचले जातात. अठ्ठ्याण्णव चौकटींतले ते एकेक बाइट गोळा केले की त्यांतून मिळते काय, तर सध्या कितवे गाणे चालू आहे, त्याची किती मिनिटे, सेकंद आणि खण झाले, आणि चकतीच्या आरंभापासून किती. गौहरजान यांची चिठ्ठी ती हीच! फक्त त्या शेवटी एकदा पुकारीत, आणि ही सेकंदाला पंचाहत्तर वेळा मुक्यानेच पुकारते. चकतीच्या अगदी आतल्या वेढ्यांत, गाणे सुरू होण्याआधी, अनुक्रमणिका खोदलेली असते. एकंदर गाणी किती, प्रत्येक कोणत्या मिनिटाला सुरू होते. नव्याण्णवपर्यंत गाणी नोंदता येतात. यंत्र चकती गिळल्यावर क्षणभर थबकते ते ही अनुक्रमणिका वाचण्यासाठी.

बापूरावांच्या लाखेच्या तबकड्यांचे माप लावून पाहा. एका बाजूला सव्वातीन मिनिटे धरली तर चौऱ्याहत्तर मिनिटांत बावीस बाजू, म्हणजे अकरा तबकड्या एका चकतीत. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीचा आरंभ खणापर्यंत नेमका. पुढे त्यांचे गाणे खरोखरच दीर्घवादन तबकडीवर, कॅसेटवर आणि सीडीवर आले. मात्र एक ध्यानात ठेवावे. मांडणी कितीही काटेकोर झाली तरी ती मिळालेल्या गोष्टीचीच मांडणी आहे. सुईची खरखर सीडीवरही तितक्याच निष्ठेने जपली जाते. आणि तीन मिनिटांत मांडलेला राग चौऱ्याहत्तर मिनिटांच्या चकतीवर गेला म्हणून तीन मिनिटांचाच राहतो. मला ते गाणे आखडलेले कधी वाटले नाही. ती एक वेगळीच मांडणी आहे, कमी जागेत नेमके बोलण्याची. 'बैजू बावरा'त १९५२ साली आमीरखाँसाहेबांबरोबर ते गायले, तेथेही फिल्मचे फूट मोजलेलेच होते.

गाण्याची चकती झाली. मग तिच्यावर आकडेवारी, पुस्तके, चित्रे का ठेवू नयेत? १९८३ साली त्याचे नियम निघाले. पण लगेच एक अडचण आली. गाण्यात एखादा आकडा सर्व उपायांनंतरही हरवला तर यंत्र शेजारच्या दोन आकड्यांवरून मधला अंदाजाने भरते. कानाला कळत नाही. बँकेच्या खात्यात असा अंदाज चालेल काय? म्हणून माहितीच्या सीडीत प्रत्येक खणाच्या २,३५२ बाइटांपैकी २,०४८ च ऐवजाला दिले, आणि बाकी खणाच्या डोक्यावर स्वतःचा पत्ता व पडताळ्याची दुसरी फळी. गाण्याच्या सीडीत खणाच्या डोक्यावर असा पत्ता नाही, हे पुढे आपल्याला लागेल.

चलच्चित्राची पाळी १९९३ साली आली. व्हिडिओ सीडीचे नियम झाले. येथे निराळाच पेच होता. ३५२ ठिपके रुंद आणि २८८ ठिपके उंच असे बारके चित्र सेकंदाला पंचवीस वेळा म्हटले तरी तीन कोटींहून अधिक शून्य-एक होतात. चकती देते त्याच्या कितीतरी पट. तेव्हा चित्र सव्वीस पटींनी आटवावे लागले. हे आटवणे कसे होते ते हरिश्चंद्राच्याच दृश्यावरून पाहू. राजा उभा आहे, मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा आहे, राजा हात उचलतो. पडदा हलत नाही, मग तो पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? एक चित्र संपूर्ण लिहितात. त्यानंतरच्या चित्रांत फक्त फरक, 'हात एवढा वर गेला.' आणि मधली काही चित्रे तर मागचे आणि पुढचे अशा दोन्ही चित्रांवरून काढतात. यामुळे एक मजेदार गोष्ट घडते. जे चित्र नंतर दिसायचे ते चकतीवर आधी लिहावे लागते, कारण त्याच्यावाचून मधली चित्रे काढता येत नाहीत. पाहण्याचा क्रम एक-दोन-तीन-चार. चकतीवरचा क्रम एक-चार-दोन-तीन. घनपाठ्यांना यात नवल वाटणार नाही.

आवाज आणि चित्र चकतीवर शेजारी शेजारी दोन ओळींत असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ओळ एकच. सेकंदाच्या पंचाहत्तर खणांपैकी बासष्ट-त्रेसष्ट चित्राला आणि बारा-तेरा आवाजाला, असे मिसळून ठेवलेले असतात. पाच-सहा खण चित्र, एक खण आवाज. त्यांची गाठ पडते ती घड्याळाने, कारण प्रत्येक गाठोड्यावर 'अमुक क्षणी दाखव', 'अमुक क्षणी ऐकव' असा शिक्का असतो. मूकपटाच्या थिएटरात पेटी-तबलावाले पडद्याकडे बघत साथ करीत. येथे दोघेही घड्याळाकडे बघतात. आणि या खणांत पडताळ्याची दुसरी फळी काढून तीही जागा चित्राला दिलेली आहे. खात्यात चूक चालत नाही, पण पडद्यावर क्षणभर एक चौकोन विस्कटला तर प्रेक्षक सोसतो, असा तो हिशेब.

आता फाळके यांचे माप. 'राजा हरिश्चंद्र' होता चार रिळांचा, ३,७०० फुटांचा. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला सोळा चित्रे धरला तर एक फूट म्हणजे एक सेकंद. अख्खा चित्रपट एकसष्ट मिनिटे चाळीस सेकंदांचा. एका व्हिडिओ सीडीवर तो आरामात मावतो. पुढच्या काळातले बोलपट मात्र एका चकतीत बसेनात, म्हणून दोन, कधी तीन चकत्या, आणि ऐन रंगात आले की उठून चकती बदलायची. तरी आपल्याकडे हीच चकती घरोघरी गेली. मराठी नाटके, कीर्तने, तमाशे, लग्नसमारंभ, सगळे तिच्यावर चढले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हिडिओ सीडी अठ्ठावीस रुपयांना आणली, तेव्हा ती भाजीबाजाराच्या तोंडाशीही मिळू लागली. ही कंपनी पुढे २०१८ साली दिवाळखोरीत निघाली.

डीव्हीडीचे थोडक्यात सांगतो. ती आली १९९६ साली, जपानात. किरण अधिक बारीक, वेढे दुपटीहून दाट, जागा सातपट. मांडणीत तीन गोष्टी पाहण्यासारख्या. अनुक्रमणिकेच्या नस्तीची एक जोडप्रत चकतीवर वेगळी ठेवलेली असते. चित्राच्या ओळीत दर अर्ध्या-एक सेकंदाला एक वाटाड्या खण असतो. पुढे पळायचे, मागे यायचे तर कोठे उडी मारावी हे तो सांगतो. आणि आठ भाषांचे आवाज व बत्तीस प्रकारची तळओळ एकाच ओळीत विणता येते. तळओळ अक्षरांच्या रूपात नसते, चित्राच्या रूपात असते. म्हणून देवनागरीला तेथे काही अडले नाही, यंत्राला आपली जोडाक्षरे शिकवावी लागली नाहीत.

येथवर सारे सुरळीत वाटते. पण नाशिकच्या घराघरांतील कपाटांत आज ज्या चकत्या पडून आहेत त्यांतल्या पुष्कळ कारखान्यात छापलेल्या नाहीत. त्या दुकानात किंवा घरी लिहिलेल्या आहेत. त्यांत खळगे नसतात. एका रंगद्रव्याच्या थरावर किरणाने डाग पाडलेले असतात, आणि तो रंग ऊन, उकाडा आणि दमट हवा यांनी उतरतो. ऐवज विटला तर विखुरलेल्या बाइटांचे गणित काही दिवस सावरून धरते. चकती निर्दोष वाजते, वाजते, आणि एक दिवस एकदम वाजत नाही. ग्रामोफोनची तबकडी झिजताना खरखरून सांगते तरी. ही सांगत नाही.

दुसरी एक जात आहे, तिला मी बिननावाच्या चकत्या म्हणतो. लिहून झाल्यावर शेवटी एक काम राहते. अनुक्रमणिका पक्की खोदून चकती बंद करायची. घाईत ते राहून गेले, किंवा मधेच वीज गेली, तर सारे चित्र, सारा आवाज चकतीवर असतो, आणि दुसरे यंत्र ती कोरी आहे म्हणून परत करते. अशा चकत्या लोक टाकून देतात. टाकू नयेत. लिहिलेला भाग उघड्या डोळ्यांना निराळ्या छटेचा दिसतो, आणि ज्या प्रकारच्या यंत्रावर ती लिहिली त्याच्यावर किंवा जाणकाराकडून ती बऱ्याचदा उघडता येते.

आणि वाचणारी यंत्रेच आता उठत चालली आहेत. नव्या संगणकांत चकतीची खाच बहुधा नसते. सोनीने कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचे उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवले. तेव्हा घरातील चकत्या उतरवून ठेवायच्या तर आताच, आणि उतरवताना मघाची गोष्ट आठवावी. माहितीच्या आणि चित्राच्या चकतीत प्रत्येक खणाच्या डोक्यावर पत्ता आहे, ती खणाखणाने जशीच्या तशी उतरते. गाण्याच्या सीडीत तो नाही. मिनिटे-सेकंदांची मुकी चिठ्ठी काय ती आहे, आणि यंत्र पुन्हा वाचायला लागले की कधी काही नमुने अलीकडून, कधी पलीकडून सुरुवात करते. म्हणून तेथे एकच भाग दोनदा वाचून जुळवून पाहणारी पद्धत वापरावी. नुसती गाणी सुटी करून घेऊ नयेत. अख्ख्या चकतीची प्रतिमा घ्यावी, अनुक्रमणिकेसह, आणि वेष्टनावरील मजकूरही तिच्याबरोबर टिपून ठेवावा. गायक कोण, तबल्याला कोण, साल कोणते, हे पुष्कळदा चकतीवर नसतेच, त्या कागदावर असते.

साल हरवले म्हणजे काय होते याचे उदाहरण फाळके यांच्याच फिल्ममध्ये आहे. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली, आणि त्यांच्या चित्रपटांच्या जुन्या प्रती तीत गेल्या. सुरक्षित फिल्मवर आधी नकला काढलेल्या होत्या म्हणून चित्र तरी राहिले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जे दाखवतात ते पहिले आणि शेवटचे रीळ आहे, १,४७५ फूट. पण फाळके यांनी हीच कथा १९१७ साली पुन्हा चित्रित केली होती, आणि ही रिळे त्या दुसऱ्या खेपेची आहेत असे काही अभ्यासकांचे मत आहे. ती १९१३ च्याच चित्रपटाची मानली, तरी २३,६०० चित्रे होतात. एका कडेला चौऱ्याण्णव हजार चारशे भोके. एकसष्ट मिनिटे चाळीस सेकंदांपैकी चकतीवर चढवायला आपल्या हाती आहेत चोवीस मिनिटे पस्तीस सेकंद.